चिनी नववर्ष, बारा प्राणी आणि जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचा घोळ

चैत्रवन (धागाकर्ती)

१७ फेब्रुवारी २०२६ ला चिनी नववर्ष लागलं आणि घोड्याचं वर्ष सुरू झालं. त्या निमित्ताने जाणकारांना तीन प्रश्न.

१. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा प्राणी नक्की कसा ठरवायचा? उदाहरण म्हणून १० फेब्रुवारी १९८५ ही तारीख घेऊ. एक संकेतस्थळ म्हणतं उंदीर, दुसरं म्हणतं बैल.
२. प्राणी बाराच, मग यंदाच्या घोड्याला 'अग्नीचा घोडा' का म्हणतात?
३. सणाच्या दिवसांत चिनी घरी जायचं असेल तर काय पाळायचं? आणि त्यांचे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात कसे जमवायचे?

मोघम नको, तपशिलात लिहा.

शून्यलब्धी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, सोपा आहे.

इसवी सनाला १२ ने भागा आणि बाकी बघा. ० माकड, १ कोंबडा, २ कुत्रा, ३ डुक्कर, ४ उंदीर, ५ बैल, ६ वाघ, ७ ससा, ८ ड्रॅगन, ९ साप, १० घोडा, ११ बोकड. २०२६ ला बाकी १० उरते, म्हणून घोडा.

तत्त्व सनाच्या शेवटच्या अंकावरून ठरतं. ० आणि १ धातू, २ आणि ३ जल, ४ आणि ५ काष्ठ, ६ आणि ७ अग्नी, ८ आणि ९ पृथ्वी. सम सन यांग, विषम सन यिन. २०२६ चा शेवटचा अंक ६, म्हणून यांग अग्नी.

तत्त्वं पाच, प्रत्येकाची यांग-यिन जोडी, म्हणजे दहा 'खोडं'. प्राणी बारा. दहा आणि बारा यांचा लसावि ६०, त्यामुळे हे चक्र ६० वर्षांनी फिरून येतं. याआधीचा अग्नीचा घोडा १९६६ चा. १२० जोड्या का होत नाहीत? कारण यांग खोड यांग प्राण्यालाच लागतं. घोडा नेहमी सम सनातच येतो. 'यिन अग्नीचा घोडा' कुठे वाचलात तर ते पान तिथेच बंद करा.

कट्टेकरी

म्हणजे आपल्या ६० संवत्सरांसारखंच झालं की!

शून्यलब्धी

@कट्टेकरी, चक्र साठाचंच, पण सुरुवात वेगळी. त्यांचं चालू आवर्तन १९८४ ला सुरू झालं, आपल्याकडचा 'प्रभव' १९८७ च्या पाडव्याला. २०२६ हे त्यांचं ४३ वं वर्ष, आणि यंदाच्या पाडव्यापासूनचं पराभव हे आपलं ४० वं. हा तीनचा फरक कायम राहतो.

ग्रहलाघवी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की वर्ष बदलण्याच्या सीमारेषाच दोन आहेत.

पहिली म्हणजे चांद्र नववर्ष. ते साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कधीही येतं. २०२३ ला २२ जानेवारी, २०२४ ला १० फेब्रुवारी, २०२५ ला २९ जानेवारी. फटाके, लाल पाकिटं, घरचं जेवण, सगळं याच दिवसाला धरून असतं.

दुसरी 'लीछुन', म्हणजे वसंताचा आरंभ. सूर्य ३१५ अंश सायन (म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या) रेखांशावर येतो तो क्षण, साधारण ४ फेब्रुवारी. ही शुद्ध सौर रेघ असल्यामुळे फार तर एखाद्या दिवसाने हलते. जन्मवेळेवरून चार स्तंभांची (वर्ष, महिना, दिवस, तास) पत्रिका मांडणारे ज्योतिषी वर्षाचा स्तंभ बदलताना हीच रेघ मानतात.

आता १० फेब्रुवारी १९८५. त्या वर्षी चांद्र नववर्ष २० फेब्रुवारीला होतं. त्याच्या आधीचा जन्म, म्हणून सणाच्या हिशेबाने उंदीर. लीछुन मात्र होऊन गेला होता, म्हणून पत्रिकेच्या हिशेबाने बैल. दोन्ही संकेतस्थळं आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत. चुकतात ती नुसता सन विचारून प्राणी सांगणारी. त्यांचं उत्तर जुळलं तरी तो योगायोग.

तांबडीमाती

मग चारचौघांत विचारलं तर सांगायचं काय?

मिरजकर_सिंगापूर

@तांबडीमाती, चारचौघांत चांद्र नववर्षाचाच प्राणी सांगायचा. 'तुमचा प्राणी कोणता' असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात तेच असतं. त्यावरून वयही काढतात, बारा-बारा वर्षांचे टप्पे मोजून. लीछुनचा हिशेब पत्रिका, मुहूर्त, फेंगशुई यांच्यापुरता.

चीनच्या बाहेर गेलात की यादीही थोडी बदलते. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी म्हैस. जपानमध्ये पाळीव डुकराऐवजी रानडुक्कर, आणि तिथे १८७३ पासून वर्ष १ जानेवारीलाच बदलतं. जपानी कॅलेंडरवरून चिनी प्राणी काढू नये.

रानवारा

गणित ठीक आहे, पण हे चांद्र कॅलेंडर आहे ना? मग ते हिजरीसारखं सगळ्या ऋतूंतून फिरायला हवं. आणि जन्मवर्षावरून स्वभाव ठरवणं मला तरी पटत नाही. एका वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांचा स्वभाव एकच कसा असेल?

ग्रहलाघवी

@रानवारा, कॅलेंडर चांद्र नाही, चांद्र-सौर आहे. आपल्यासारखाच अधिक महिना घालून ते ऋतूंना बांधून ठेवतात. नियमही ओळखीचा: ज्या चांद्र महिन्यात सूर्याचं संक्रमण होत नाही तो अधिक. मग दोघांचे अधिक महिने एकाच वेळी का येत नाहीत? आपली संक्रांत निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली), त्यांची सायन. अयनांश, म्हणजे या दोन मोजण्यांतलं अंतर, आता २४ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक संक्रमण आपल्यापेक्षा सुमारे २४ दिवस आधी पडतं. आपली मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला, त्यांचं तेच संक्रमण २१-२२ डिसेंबरला. संक्रमण नसलेला महिना मग वेगळाच निघतो.

२०२३ मध्ये त्यांचा दुसरा महिना अधिक होता आणि तो नेमका आपल्या गुढीपाडव्याला, २२ मार्चला सुरू झाला. आपला अधिक श्रावण जुलैत आला. २०२५ ला त्यांचा सहावा महिना अधिक होता, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. परिणाम सणांवर दिसतो. त्यांच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेचा मध्य-शरद उत्सव आणि आपली कोजागरी २०२५ मध्ये एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला होती. २०२३ मध्ये मात्र त्यांचा उत्सव २९ सप्टेंबरला आणि कोजागरी २८ ऑक्टोबरला.

आणखी तीन फरक. आपल्याकडे अधिक आधी आणि निज नंतर, त्यांच्याकडे मूळ महिना आधी आणि अधिक मागून. आपण सूर्योदयाची तिथी धरतो. ते बीजिंगच्या प्रमाणवेळेनुसार ज्या तारखेला अमावास्येचा क्षण येतो, ती अख्खी तारीखच महिन्याचा पहिला दिवस मानतात. म्हणून त्यांची प्रतिपदा बऱ्याचदा आपल्या अमावास्येवरच येते: २९ जानेवारी २०२५ ला आपली पौष अमावास्या होती, १७ फेब्रुवारी २०२६ ला माघ अमावास्या. तिसरा, दक्षिणायनान्ताचा दिवस (२१-२२ डिसेंबर) अकराव्या महिन्यातच पडला पाहिजे असं त्यांचं बंधन आहे. २०३३ मध्ये संक्रमण नसलेले महिने एकाहून जास्त येतात, पण या बंधनामुळे अधिक ठरतो तो अकराव्या महिन्यानंतरचा. जुन्या छापील पंचांगांत सातव्यानंतरचा धरलेला आढळतो, तो चूक.

शून्यलब्धी

@रानवारा, स्वभावाबद्दल तुमच्याशी सहमत. पण श्रद्धेचे परिणाम खरे असतात. जपानमध्ये अग्नीच्या घोड्याच्या वर्षात जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला भारी पडते, असा समज एदो काळापासून (१६०३-१८६८) आहे. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८.२ लाख जन्म झाले. १९६६ मध्ये १३.६ लाख. एका वर्षात जवळजवळ चौथा हिस्सा कमी, आणि पुढच्या वर्षी आकडा परत वर. लोकसंख्येच्या आलेखात ती खाच आजही उठून दिसते. ड्रॅगनच्या वर्षी उलटं होतं. २०१२ मध्ये तैवान आणि सिंगापूरमध्ये जन्म वाढले. मग त्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जास्त गर्दीत उभं राहावं लागतं.

गवाक्ष

लग्नाच्या बाबतीत एक राहिलं. ज्या चांद्र वर्षात लीछुन पडतच नाही, त्याला 'विधवा वर्ष' म्हणतात आणि बरेच जण त्या वर्षी लग्न टाळतात. २०२४ चं ड्रॅगन वर्ष (१० फेब्रुवारी २०२४ ते २८ जानेवारी २०२५) तसं होतं. २०२५ च्या साप वर्षात अधिक महिन्यामुळे दोन लीछुन आले, ३ फेब्रुवारी २०२५ आणि ४ फेब्रुवारी २०२६. 'दुहेरी वसंत' म्हणून ते लग्नाला उत्तम मानलं गेलं. म्हणजे शुभ-अशुभाचं मूळ फक्त अधिक महिन्याच्या गणितात आहे. हे कळलं की भीती बरीच कमी होते.

जोड्या जुळवताना चार-चार वर्षांच्या अंतराचे तिघे एका गटात: उंदीर-ड्रॅगन-माकड, बैल-साप-कोंबडा, वाघ-घोडा-कुत्रा, ससा-बोकड-डुक्कर. सहा वर्षांच्या अंतराचे समोरासमोर, म्हणजे विरोधी: उंदीर-घोडा, बैल-बोकड, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर.

चैत्रवन

स्वतःच्या प्राण्याचं वर्ष आलं तर ते शुभ ना?

गवाक्ष

नाही, तो सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. आपल्या प्राण्याचं वर्ष, 'बेनमिंगन्येन', जपून काढायचं वर्ष मानतात. वर्षाचा अधिपती 'थायस्वे', आणि त्याच्याच आसनावर आपण बसलो अशी कल्पना. उपाय लाल रंगाचा: लाल कमरपट्टा, लाल मोजे, लाल अंतर्वस्त्रं, मनगटावर लाल दोरा. स्वतः विकत आणण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी दिलेलं चांगलं, असा संकेत आहे.

यंदा घोड्याबरोबर उंदीर (समोरचा), बैल आणि ससा यांचंही थायस्वेशी वाकडं धरतात. असे लोक वर्षाच्या सुरुवातीला मंदिरात नाव नोंदवून पूजा करतात आणि वर्ष सरताना आभार मानायला परत जातात. हे परत जाणं पुष्कळांकडून राहतं. मंदिराच्या दृष्टीने त्याशिवाय विधी अपुरा. साठ वर्षांचे साठ थायस्वे असतात. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात आणि हाँगकाँगच्या वाँग ताय सिन मंदिरात त्या साठांची दालनं आहेत.

ग्रहलाघवी

थायस्वेच्या मागे गुरू ग्रह आहे. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची, म्हणजे ढोबळमानाने बारा. गुरू आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो आणि बारा शाखांचा (म्हणजे बारा प्राण्यांच्या घरांचा) क्रम उलट दिशेने मोजला जायचा, म्हणून प्राचीन चिनी ज्योतिषांनी गुरूच्या उलट दिशेने फिरणारा एक काल्पनिक बिंदू मानला. तोच थायस्वे. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ, तिथेही बारा वर्षांचं माप याच ग्रहाचं. पुढे चिनी वर्षचक्र आकाशातल्या गुरूपासून सुटलं आणि नुसत्या मोजणीवर चालू राहिलं. ११.८६ आणि १२ यांतल्या फरकामुळे ८०-८५ वर्षांत एका घराची तफावत पडते, ती सांभाळण्यापेक्षा त्यांनी मोजणीच धरली. दक्षिण भारतात आणि आपल्याकडे संवत्सरांचंही तेच झालं.

कट्टेकरी

बारा प्राण्यांच्या शर्यतीची गोष्ट अजून कुणीच सांगितली नाही! उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी ओलांडतो आणि ऐन शेवटी उडी मारून पहिला येतो. मांजर झोपून राहतं आणि यादीतून सुटतं. पोरांना सांगायला झकास.

शून्यलब्धी

@कट्टेकरी, गोष्ट झकास, पण यादी तिच्या आधीची. १९७५ मध्ये हुबेई प्रांतात श्वेहूदी इथे छिन काळातली थडगी उघडली. त्यातल्या एका थडग्यात, इ. स. पू. २१७ च्या सुमाराच्या, बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेलं मुहूर्तशास्त्र मिळालं. चोर पकडण्यासाठी दिवसावरून चोराचं रूप सांगणारा त्यात एक भाग आहे, आणि तिथे प्राणी येतात. यादी आजच्यासारखी नाही. आज जिथे घोडा आहे तिथे हरीण, घोडा एक घर पुढे बोकडाच्या जागी, आणि ड्रॅगन नाहीच. आजचे बाराही प्राणी इ. स. पहिल्या शतकातल्या वांग छोंग या चिनी विचारवंताच्या लेखनात सापडतात, आणि तो स्वतः या समजुतींवर टीका करणारा होता. @रानवारा, तुमच्या बाजूचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.

रानवारा

वांग छोंग आवडला. वाचनखूण साठवली आहे.

मिरजकर_सिंगापूर

आता तिसरा प्रश्न. चिनी घरी जाताना:

संत्री दोन न्यायची, मँडरिन जातीची, दोन्ही हातांनी द्यायची. निघताना यजमान दुसरी दोन परत देतात, ती घ्यायची, नको म्हणायचं नाही. हा रिवाज सिंगापूर-मलेशियात आणि कँटोनीज घरांत ठळक आहे.

लाल पाकीट, म्हणजे होंगबाओ किंवा आंगपाओ: लग्न झालेल्यांनी मुलांना आणि अविवाहितांना द्यायचं. रक्कम सम हवी. आपल्या हमखास चुका इथेच होतात. आपल्याकडे १०१ किंवा ५०१ शुभ, वरचा एक रुपया मुद्दाम घालतात. त्यांच्याकडे विषम रक्कम अंत्यविधीच्या पाकिटात घालतात. चारचा आकडा टाळायचा, आठ चांगला. नोटा कोऱ्या हव्यात, आणि चुरगळलेली नोट नसलेलीच बरी. पाकीट देणाऱ्यासमोर उघडायचं नाही.

कपडे पांढरे किंवा काळे नकोत. पहिल्या दिवशी त्या घरात केर काढत नाहीत, तेव्हा मदत म्हणून झाडू हातात घेऊ नका. झाडलोट आधीच उरकलेली असते. बाराव्या महिन्याच्या २३ तारखेला उत्तरेत, २४ ला दक्षिणेत, चुलीच्या देवाला वर धाडतात. तो घरादाराचा अहवाल द्यायला जातो, म्हणून त्याच्या तोंडाला चिकट माल्ट-साखर लावतात. साफसफाई त्याच दिवसांत होते. दुसरा दिवस लेकींनी माहेरी जायचा, तेव्हा त्या दिवशी कुणाकडे जाण्याआधी विचारावं. पंधराव्या दिवशी, पौर्णिमेला, कंदिलांचा सण आणि समाप्ती.

दारावर लाल जोडओळी (लाल कागदावर लिहिलेल्या शुभेच्छांच्या दोन ओळी) लावतात. दाराकडे तोंड करून उभं राहिलं की पहिली ओळ उजव्या हाताला. भेट मिळालेल्या ओळी डावी-उजवी बदलून लावलेल्या फार दिसतात. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे लाल ओळी लावत नाहीत, हे लक्षात घेऊन भेट द्यावी.

तांबडीमाती

१०१ चा मुद्दा फार कामाचा. धन्यवाद.

उकड_पारी

पदार्थांचं मी लिहिते. उत्तरेत जियाओझी (सारण भरून पाण्यात उकळलेल्या पाऱ्या), दक्षिणेत न्येनगाओ (चिकट तांदळाचा वाफवलेला गोड केक).

जियाओझी: ५०० ग्रॅम मैदा, २५० मिली गार पाणी, चिमूटभर मीठ. पीठ घट्टच हवं, अर्धा तास झाकून ठेवा. साधारण ९-१० ग्रॅमची गोळी, कडेने पातळ आणि मध्ये जाड अशी ८ सेंमीची पारी लाटायची. मोदकाची पारी हाताला बसलेली असेल तर हे अवघड नाही. शाकाहारी सारण: अंड्याची मोकळी भुर्जी (चालत असेल तर), भिजवून बारीक कापलेल्या शेवया आणि लसणीची पात. पात चिरल्याबरोबर तिला तिळाचं तेल चोळा आणि मीठ अगदी शेवटी, भरायच्या क्षणी घाला. आधी घातलं तर पाणी सुटतं, कडा चिकटत नाहीत आणि पाण्यात पारी उघडते. साधी कांद्याची पात जास्त पाणी सोडते, तिचा फक्त हिरवा भाग घ्या. कोबी वापरत असाल तर तो मात्र आधी मीठ लावून २० मिनिटं ठेवायचा आणि घट्ट पिळून काढायचा.

उकळत्या पाण्यात सोडल्याबरोबर पळीच्या पाठीने तळ एकाच दिशेने हलवा. खळखळून उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी, असं तीनदा. त्यामुळे उकळीच्या मारानं पारी फाटत नाही आणि आतलं सारण शिजायला वेळ मिळतो.

न्येनगाओ: ५०० ग्रॅम चिकट तांदळाची पिठी, ४०० ग्रॅम तपकिरी साखर किंवा गाळून घेतलेला गूळ, ५०० मिली पाणी. पाक कोमट झाल्यावरच पिठीत घाला. कडकडीत घातला तर पिठीच्या गुठळ्या तिथेच शिजतात, मग कितीही फेटा, मोडत नाहीत. तेल लावलेल्या ७-८ इंची डब्यात सव्वा ते दीड तास वाफवा. एक दिवस तसाच राहू द्या, मग तेल लावलेल्या सुरीने कापून अंड्यात बुडवून तव्यावर परता.

कट्टेकरी

चिकट तांदूळ मिळत नसेल तर आंबेमोहोराची पिठी चालेल का? मोदकाला मस्त होते.

उकड_पारी

@कट्टेकरी, चालणार नाही. आंबेमोहोर मऊ शिजला तरी त्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) असतं, गार झाल्यावर तो कडक होतो. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून गार न्येनगाओसुद्धा लवचिक राहतो. मोदकाच्या पिठीचा केलात तर दुसऱ्या दिवशी वीट होईल. पाकिटावर 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' असं बघून घ्या. नावावर जाऊ नका, त्यात ग्लुटेन नसतं.

पौर्णिमेच्या थांगयुएनला (पाण्यात शिजवलेल्या चिकट पिठीच्या गोळ्यांना) हीच पिठी: २०० ग्रॅमला १६० मिली कोमट पाणी. गोळ्यांना भेगा पडत असतील तर लिंबाएवढा गोळा आधी पाण्यात शिजवून उरलेल्या पिठात मळा. भेगा थांबतात.

गवाक्ष

मुंबईकरांसाठी: माझगावात नवाब टँकजवळ सी यूप कून हे चिनी मंदिर आहे, १९१९ चं. 'सी यूप' म्हणजे चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातले चार तालुके, तिथल्या खलाशांनी ते उभं केलं. नववर्षाला तिथे समाजातली माणसं येतात. पूजा चालू असताना फोटो काढण्याआधी विचारा. कोलकात्याचे चिनी लोक सणानंतरच्या दिवसांत बजबजजवळच्या अछीपूरला जातात. अठराव्या शतकात तिथे आलेल्या तोंग अछू याची समाधी तिथे आहे.

चैत्रवन

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं एक टोक राहिलं. भारतातला जन्म असेल तर वेळ बीजिंगची करून घ्यायची का? आणि २०२६-२७ मधल्या बाळांसाठी सीमा नेमक्या कोणत्या?

ग्रहलाघवी

वर्षाच्या सीमेसाठी वेळ बदलून घ्या. लीछुन हा साऱ्या पृथ्वीवर एकच क्षण आहे, म्हणून जन्मवेळेत अडीच तास मिळवून बीजिंगच्या वेळेशी ताडा. तासाचा स्तंभ मात्र जन्मस्थळाच्या वेळेवरूनच. दोन-दोन तासांचे बारा प्रहर, उंदराचा प्रहर रात्री ११ ते १.

४ ते १६ फेब्रुवारी २०२६ मध्ये जन्मलेली बाळं सणाच्या हिशेबाने साप, पत्रिकेच्या हिशेबाने घोडा. १७ पासून दोन्हीकडे घोडा. ४ तारखेच्या बाळाची वेळ तपासून घ्या.

पुढच्या वर्षी लीछुन ४ फेब्रुवारी २०२७ ला आणि चांद्र नववर्ष ६ ला, म्हणजे घोळ दोन दिवसांचाच. पण त्या अमावास्येचा क्षण बीजिंगमध्ये ६ तारखेच्या रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी आहे. कोरियाची वेळ एक तास पुढे, त्यामुळे तिथे तोच क्षण ७ तारखेत जातो आणि त्यांचं नववर्ष एक दिवस उशिरा. ६ फेब्रुवारी २०२७ ला जन्मलेलं बाळ चीनमध्ये बोकड आणि कोरियातल्या चांद्र पंचांगाने घोडा. @गवाक्ष, तुमच्या यादीत भर: ४ फेब्रुवारी २०२७ चा लीछुन घोड्याच्या वर्षात पडतो आणि पुढचा बोकडाचं वर्ष संपल्यावर. म्हणजे बोकडाचं वर्षही लीछुनविना जाणार, आणि लग्नाची घाई यंदाच दिसेल.